रोज नुस्ते (मासळी) असलेल्या घरातही प्रथिने कमी का पडतात?

डिचोलीहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न असा: सासूबाई ६८ वर्षांच्या, वजन ५२ किलो. वर्षभरात बऱ्याच खंगल्या आहेत, खाली बसल्या की उठायला हात द्यावा लागतो. रक्ताच्या तपासणीत अल्ब्युमिन ३.२ आले, तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी प्रोटीन पावडर सुरू करा म्हणून सांगितले. यजमानांना मधुमेह आहे. सोळा वर्षांची मुलगी फुटबॉल खेळते, तिलाही पावडर हवी आहे. सोमवार, गुरुवार आणि श्रावण हे शिवराक (शाकाहारी) दिवस सोडले तर घरात रोज नुस्ते असते. मग प्रथिने कमी कशी पडतील? आणि पडत असतील तर नेमके काय करायचे?

ताई, आधी अल्ब्युमिनचे बोलते. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन यकृतात तयार होते आणि ३.५ च्या खाली गेले की ते कमी धरतात. पण ते कमी होण्याचे कारण दर वेळी ताटातच असते असे नाही. अंगात कुठे जंतुसंसर्ग किंवा दीर्घकाळची सूज असेल, यकृत नीट चालत नसेल, मूत्रपिंडातून प्रथिन लघवीवाटे गळत असेल, तरी हा आकडा खाली येतो. उलट प्रथिने कमी खाणाऱ्या पण बाकी धडधाकट माणसाचे अल्ब्युमिन कितीतरी दिवस व्यवस्थित राहू शकते. म्हणून या एका आकड्यावरून आहाराचा निवाडा करता येत नाही. सासूबाईंच्या लघवीतले प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टरांकडून करून घ्या. पावलांवर सूज येते का, हेही त्यांना सांगा. पावडरीचा डबा त्याआधी उघडू नका. मूत्रपिंडाचा त्रास निघाला तर प्रथिनांचे सगळे गणितच वेगळे होते.

आता जेवणाकडे. तुम्ही लिहिले आहे की घरात रोज नुस्ते असते. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक घरांत असते. म्हणून मी "मासळी खाता का?" असे विचारणे कधीच सोडून दिले. मी विचारते, "काल तुमच्या ताटात कुठला तुकडा आला?" घरातला पुरुष चटकन सांगतो. मुले सांगतात. घरची बाई थोडी थांबते आणि म्हणते, "मला रस पुरतो." म्हाताऱ्या सासूबाई म्हणतात, "मला काटे काढायला जमत नाहीत, मी हुमण आणि शीत जेवते." हुमण म्हणजे मासळीची नारळ घातलेली आमटी, शीत म्हणजे भात.

हुमणात प्रथिन किती असते ते बघू. मध्यम आकाराचा बांगडा बाजारातून आणला की साधारण १२० ग्रॅम भरतो. डोके आणि पोट काढून स्वच्छ केला की ८० च्या जवळ येतो. मधला काटा वेगळा केला तर हाताला लागणारे मांस ६० ग्रॅम. बांगड्याच्या मांसात १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रथिने, म्हणजे अख्ख्या बांगड्यात १२. आपण हुमणासाठी त्याचे दोन-तीन तुकडे करतो, तेव्हा एका तुकड्यात ४ ते ६ ग्रॅम येतात. शेपटीकडचा असेल तर त्याहून कमी. आणि रसात काय असते? ओला नारळ, मिरची, धणे, सोलां (आमसुले), तिरफळे. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला जेमतेम ४ ग्रॅम प्रथिने, बाकी बहुतेक तेल आणि पाणी. वाटीभर रसात एखादा ग्रॅम आला तरी पुष्कळ. नुस्त्याचा वास, चव, समाधान सगळे त्या रसात उतरते, प्रथिन मात्र तुकड्यातच राहते. जो तुकडा खातो त्याने नुस्ते खाल्ले. जो रस खातो त्याने नारळ आणि भात खाल्ला.

शिवराक दिवशी वरणाचीही हीच गत. पाच माणसांच्या घरात वाटीभर तूरडाळ शिजते, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. तिच्यात २२ ग्रॅम प्रथिने. पाचांत वाटली की प्रत्येकी ४ ग्रॅम. वरण पातळ करून सहाव्या पाहुण्याला वाढले तर त्याहून कमी. लहान मुलांना नुसते डाळीच्या वरचे पाणी भरवतात, त्यात तर जवळजवळ काहीच नसते. डाळ तळाशी असते आणि ती भरवायला हवी, चांगली घोटून.

माणसाला लागते किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जे प्रमाण दिले ते दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत यात आणखी २२ ग्रॅमची भर. वय झालेल्यांचे वेगळे असते. उतारवयात स्नायू तेवढ्याच प्रथिनाला पूर्वीइतकी साथ देत नाहीत, म्हणून वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवले. मीही तेच धरून चालते. तुमच्या सासूबाईंच्या ५२ किलोला ५२ ते ६२ ग्रॅम झाले. गंमत अशी की आपल्याकडे वय झाले की "आता हलके खा" म्हणून याच माणसांचे ताट सगळ्यात आधी कमी करतात.

सासूबाई दिवसभरात काय खातात ते तुम्ही लिहिलेले नाही. पण त्यांच्या वयाच्या बायांचा जो दिवस मी वर्षानुवर्षे लिहून घेत आले आहे तो साधारण असा. सकाळी दूध घातलेला चहा आणि दोन बिस्किटे. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड. दुपारी शीत, हुमण, अर्धा बांगडा. चार वाजता पुन्हा चहा आणि एक उंडो (पाव). रात्री थोडे शीत आणि दुपारचे उरलेले हुमण. बेरीज करू: दोन्ही चहांतले दूध ३, बिस्किटे १, पेजेतला तांदूळ ३, दुपारचे शीत ६, बांगडा ६, पाव ४, रात्रीचे शीत ४, दोन्ही वेळचा रस धरून १-२. सगळे मिळून तीसच्या आत. गरजेच्या निम्मे. त्यातले अर्ध्याहून जास्त तांदूळ आणि पावातून आलेले, आणि एकट्या धान्यातल्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते. शिवराक दिवशी बांगड्याच्या जागी वरण आले की हा आकडा आणखी घसरतो.

त्यांचे पोट भरलेले असते हे लक्षात घ्या. म्हणून कुणालाच काही चुकते आहे असे वाटत नाही.

यावर उपाय म्हणून मी घरातले जेवण बदलायला सांगत नाही. जे रांधले जाते तेच कुणाला, कधी, किती वाढायचे एवढे बदलायला सांगते. सासूबाईंसाठी सकाळी चहाबरोबर एक उकडलेले अंडे घाला, ६ ग्रॅमहून थोडे जास्त मिळते. उपासाच्या दिवशी अंडे चालत नसेल तर त्या जागी वाटीभर घट्ट दही किंवा पेलाभर दूध. पेजेबरोबर लोणच्याऐवजी कुळथाची पिठी किंवा रात्रीच्या अळसांद्यांची (चवळीची) दोन डाव सुकी भाजी, २५ ग्रॅम कोरड्या कडधान्याची, तिचे ५ ग्रॅम. दुपारी भात थोडा कमी आणि अख्खा बांगडा, काटे काढून दिलेला. चारला पाव अर्धा आणि १५० ग्रॅम दही. रात्री उरलेल्या हुमणाऐवजी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तांदूळ ४० ग्रॅम आणि डाळ ३०. एवढ्याने पन्नाशी ओलांडते, आणि यातला एकही पदार्थ तुमच्या स्वयंपाकघराला नवा नाही. काटे काढून देणे हे मात्र कुणीतरी अंगावर घ्यायला हवे. मी भेटलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे नुस्ते दातांमुळे आणि नजरेमुळे सुटलेले असते, पैशामुळे किंवा आवडीमुळे नाही. बांगड्याचे काटे जमत नसतील तर मुडदुशी, इसवण (सुरमई) यांचे मांस सहज सुटते. सुंगटे (कोळंबी) बारीक चिरून भातात मिसळता येतात.

प्रथिने एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा दिवसभरात विभागलेली बरी, हे मी मुद्दाम सांगते. चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीर करत नाही. वापरून उरलेल्यातला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीतून बाहेर जातो. वृद्धांच्या बाबतीत एका जेवणात २५ ते ३० ग्रॅम मिळाले तर स्नायूंना चांगली चालना मिळते असे तो तज्ज्ञगट सांगतो. तीनही जेवणांत तेवढे गाठणे आपल्या ताटात अवघड आहे. दुपारचे एक जेवण २० च्या घरात गेले आणि बाकीची दोन पेज-पावावर सोडून दिली नाहीत, तरी मला ते मोठे पाऊल वाटते.

आता शिवराक दिवस. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण गोव्यातल्या हिंदू घरांत आठवड्यातले दोन दिवस आणि श्रावणापासून चवथीपर्यंतचा (गणेश चतुर्थीपर्यंतचा) काळ यातच जातो. चवथीचे ताट आठवा: मुगागाठी, खतखते, चण्याच्या डाळीचे मणगणे, अळसांदे किंवा वाटाण्याचे तोणाक (खोबऱ्याच्या वाटणातली रस्सेदार उसळ). आपल्या सणाच्या शिवराक ताटात कडधान्याला मानाची जागा आहे. आणि साध्या सोमवारी? पातळ वरण, बटाट्याची भाजी, पापड, लोणचे, सोलकढी. सणाच्या ताटातले मूग आणि अळसांदे सोमवारच्या ताटात आणा, एवढेच मी सांगते.

अळसांदे म्हणजे आपली गोव्याची मोठ्या दाण्याची चवळी. पावसाळी भात कापल्यावर त्याच शेतातल्या ओलीवर ती घेतात. उन्हाळ्याच्या तोंडाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडणे-बार्देशातल्या बाया ती मापाने विकायला बसतात, तेव्हाच वर्षभराची भरून ठेवावी. हिच्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने. रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात दाणा बोटाने सहज चिरडेल इतका शिजवा. मग भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण घालून तोणाक करा. माणशी ४० ग्रॅम कोरडे दाणे धरले तर एका वाढणीत ८ ग्रॅम, म्हणजे पातळ वरणाच्या दुप्पट. तोणाक करताना दाणे कमी आणि बटाटे जास्त घालायची सवय असेल तर ती मोडा. पावाबरोबरच्या भाजीचेही तसेच आहे. हॉटेलात मिक्स भाजी मागवली की त्यात अर्धा बटाटा येतो, मुगाची किंवा वाटाण्याची पातळ भाजी मागवली तर पैसे तेवढेच आणि कडधान्य जास्त.

कुळीथ, मूग, मसूर, चणे, तूर या सगळ्यांत १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिने, फरक फारसा नाही. जे पचते आणि आवडते ते घ्या. सोयाबीन वेगळे, त्यात ३५ च्या वर. सोयाच्या वड्यांत ५० च्या आसपास, ३० ग्रॅम कोरड्या वड्या भाजीत घातल्या तर १५ ग्रॅम मिळतात. चव सगळ्यांना रुचत नाही, पण शागुतीच्या (चिकन-मटणाच्या रश्शाच्या) मसाल्यात त्या चांगल्या लागतात.

कडधान्यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि तांदळात लायसिन, म्हणून दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. ती एकाच घासात खायला हवीत असे मात्र नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झाले. पोषण संस्था धान्य आणि डाळींचे प्रमाण ३:१ सांगते, म्हणजे तीन वाट्या तांदळामागे एक वाटी डाळ किंवा कडधान्य, दोन्ही कोरडे मोजून. आपल्याकडे हे प्रमाण सहा-सातास एक इतके खाली गेलेले मी पाहते.

भिजवणे, मोड आणणे, नीट शिजवणे या गोष्टी कंटाळा करून टाळू नयेत. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडवणारे घटक असतात. केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएचडी मिळवलेल्या डॉ. कमला सोहोनी यांनी भारतीय कडधान्यांतल्या याच ट्रिप्सिन-रोधकांवर पुढे संशोधन केले होते. उष्णतेने हे घटक बहुतांशी निकामी होतात. म्हणून कच्चे मोड वाटीभर खाण्यापेक्षा वाफवून खावेत, वृद्धांनी तर नक्कीच. मोड आणल्याने प्रथिन वाढते ही समजूत खरी नाही. दाणा पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे १०० ग्रॅम मोडांत १०० ग्रॅम कोरड्या मुगापेक्षा प्रथिन कितीतरी कमी असते. मोडांचा फायदा पचनाला आणि क जीवनसत्त्वाला होतो. कच्च्या अंड्याचेही तेच. शिजवलेल्या अंड्यातले ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिन अंगी लागते, कच्च्यातले निम्म्याच्या जवळपास. दुधात कच्चे अंडे फेटून मुलीला देत असाल तर ते थांबवा.

काजू, ओळमी आणि फणसाच्या बिया यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. काजूत प्रथिन आहे, १०० ग्रॅमला १८-१९, पण मूठभर म्हणजे ३० ग्रॅम काजूतून साडेपाच ग्रॅम मिळवताना पावणेदोनशे कॅलरी पोटात जातात. त्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे स्वस्त आणि प्रथिनाला सरस, दात नसतील तर कूट करून. ओळमी मला स्वतःला अतिशय आवडतात, पण ताज्या अळंबीत नव्वद टक्के पाणीच असते, प्रथिन ३ ग्रॅमच्या आसपास. त्यांचे शागुतीसारखे तोणाक केले म्हणून ते शागुतीची जागा घेत नाही. फणसाच्या बिया पावसात उकडून जरूर खाव्यात, त्यांत ६ च्या आसपास असते. तिसऱ्या मात्र चांगल्या, लोह आणि ब१२ साठी विशेष. फक्त ताटभर दिसल्या तरी शिंपल्यांचे वजन वजा केले की मांस थोडेच उरते, त्यामुळे दुपारच्या जेवणात त्यांच्या जोडीला आणखी काही असू द्या.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत बाजारात ताजे नुस्ते कमी आणि महाग असते, आणि लगेच श्रावण लागतो. म्हणजे सलग तीनएक महिने ताटातून तुकडाच निघून जातो. आपल्या आजींनी याची सोय केलेली होती. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या) सामानात सुके बांगडे, सुकी सुंगटे, गालमो (सुका जवळा) यायचेच. सुकवताना पाणी निघून जाते म्हणून सुक्या सुंगटांत १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिन उरते. पेजेबरोबर १०-१५ ग्रॅम सुंगटांची किसमूर (खोबरे घातलेली सुकी कोशिंबीर) म्हणजे ६ ते ९ ग्रॅम प्रथिन, एका अंड्याइतके किंवा जास्त. अडचण एकच, मीठ. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि खारा बांगडा एकटाच त्यातला मोठा वाटा घेऊन बसतो. रक्तदाब असेल त्यांनी खारी मासळी भिजवून, दोन पाण्यांतून काढून आणि अधूनमधूनच खावी, त्या दिवशी पापड-लोणचे बंद.

यजमानांबद्दल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघाले, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४ असताना. याच पाहणीच्या २०२५ च्या आहारविषयक अहवालात भारतीयांच्या कॅलरींपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून आणि फक्त १२ टक्के प्रथिनांतून येतात असे दिसले. पिष्टातल्या थोड्या कॅलरींच्या जागी डाळी-कडधान्ये आणि दूध-दह्यातली प्रथिने आली तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो, असेही त्यात आहे. त्यांना "भात सोडा" म्हणून सांगू नका. गोव्याच्या माणसाला ते चार दिवस जमते आणि पाचव्या दिवशी राग येतो. ताटात आधी तोणाक किंवा तुकडा आणि भाजी वाढा, ती निम्मी संपली की मग शीत. भाताचा डाव आपोआप एकाने कमी होतो आणि जेवणानंतरची साखरही कमी चढते. नुस्ते रोज रव्यात घोळून तळलेले नको. वर्षातून एकदा त्यांचे क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासायलाच हवे. निरोगी मूत्रपिंड वर सांगितलेल्या प्रमाणातल्या प्रथिनांनी बिघडत नाही. पण मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल तर प्रथिन किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास आवरते घ्यावे लागते, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट १ ते १.२ पर्यंत वाढवावे लागते, कारण त्यात ते वाया जाते. डायलिसिसवर असलेले कितीतरी रुग्ण जुनाच "डाळ बंद, नुस्ते बंद" नियम पाळत अशक्त होत राहतात. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना आहारतज्ज्ञांकडे पुन्हा पाठवा.

मुलीच्या पावडरीबद्दल माझे मत ठाम आहे: नको. तिच्या वयाच्या मुलीची रोजची गरज ४६ ग्रॅमच्या आसपास. नियमित फुटबॉल खेळते म्हणून किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरले आणि वजन ५० किलो मानले तर ६० ते ८०. सरावाला जाण्याआधी केळे, आल्यावर दोन अंडी आणि पोई (गव्हाचा पाव), दुपारी अख्खा बांगडा किंवा तोणाक, संध्याकाळी दूध आणि शेंगदाणे, रात्री डाळ किंवा चिकन. एवढ्यात ते बसते. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळायला सांगतात. या वयाच्या मुलींत मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते: सकाळी न खाता मैदानावर जाणे आणि जाड होऊ या भीतीने रात्रीचे जेवण टाळणे. एकूण कॅलरी कमी पडल्या की शरीर खाल्लेले प्रथिन जाळून टाकते, त्याचे स्नायू होत नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत (एफएओ) संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. जगभर "प्रथिनांची टंचाई" म्हणून ओरड चालली होती, तेव्हा त्यांनी आकडेवारी मांडून दाखवले की गरिबांच्या आहारात बहुतेक वेळा आधी अन्नच कमी पडते, पुरेसे अन्न मिळाले की प्रथिनांची तूटही बरीचशी भरून निघते. तुमच्या मुलीला ते जसेच्या तसे लागू आहे. पाळी अनियमित झाली असेल तर तेही लपवू नको म्हणून तिला सांगा, आणि हिमोग्लोबिन तपासा.

पावडर कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही. मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, गिळायला त्रास असेल, चार घासांपलीकडे जेवण जात नसेल, अशा वेळी मी स्वतः लिहून देते. सासूबाईंच्या तपासण्या ठीक आल्या आणि तरी त्यांना वर सांगितलेले जमलेच नाही, तर पेजेत दोन चमचे साधी दुधाची पावडर मिसळा. ती पुष्कळ स्वस्त पडते.

तुम्ही स्वतःबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, ताई. सासूबाईंचे, यजमानांचे, मुलीचे सगळे लिहिले. तुमच्या ताटात कुठला तुकडा येतो ते मला कळवा. वाढायला घेताना पहिल्यांदा घरातल्या माणसांइतके तुकडे मोजून बाजूला काढा, त्यात तुमचा धरून, आणि मगच दुसऱ्यांदा वाढा. दोन बांगडे जास्त आणावे लागत असतील तर आणा. महाग असतील त्या दिवशी तारले आणा, प्रथिनात ते इसवणाच्या फारसे मागे नाहीत आणि काळजाला चांगल्या ओमेगा-३ मेदाम्लांत पुढेच आहेत.

सासूबाईंच्या बाबतीत आणखी एक काम घरीच करता येईल. हात छातीवर दुमडून त्यांना खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला सांगा, शेजारी उभे राहून. १२ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर स्नायूंची ताकद कमी झाली आहे असे आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे निकष सांगतात. पिंढरीचा सगळ्यात जाड भाग शिंप्याच्या टेपने मोजा. बाईमाणसांत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तेही तसेच लक्षण. दोन्ही आकडे आजच्या तारखेसह लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मग तपासण्या ठीक असतील तर हाच उठण्या-बसण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, झेपेल तितका, कारण स्नायूंना काम दिल्याशिवाय नुसत्या प्रथिनाने ते भरत नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि वजनासह मला लिहा, त्यावरून पुढचे प्रमाण ठरवू.